सावित्रीकाठचं देणं

महाडात कागद टिकत नाही. सावित्री महाबळेश्वरावर उगम पावते, पोलादपूरच्या डोंगरांतून खाली उतरते आणि महाड गाठेपर्यंत काळ, गांधारी या नद्यांचं पाणी तिला येऊन मिळतं. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना खाली बाणकोटच्या खाडीला भरती आली, की आलेल्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरत नाही. ते मागे फुगतं आणि बाजारपेठेत शिरतं. जुलै २००५ मध्ये शिरलं, २२ जुलै २०२१ ला शिरलं, आणि त्याआधी केव्हा केव्हा शिरलं ते म्हातारी माणसं जिन्याची पायरी दाखवून सांगतात. पाणी ओसरलं की गल्लोगल्ली गाळाचे ढीग निघतात आणि त्या ढिगांत वह्या, खरेदीखतं, लग्नाचे अल्बम, पोस्टकार्डांचे गठ्ठे असतात. पूर आला नाही त्या वर्षी कसर आणि वाळवी असतेच. चार महिने भिंतींना ओल, लोखंडी ट्रंकेलाही आतून घाम सुटतो.

म्हणून या मुलखातला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा कागद हातात आला, की त्यावर काय लिहिलंय हे वाचण्याआधी माझ्या मनात येतं, हा इतकी वर्षं कोणी सांभाळला असेल?

मी महाडच्या शाळेत मराठी शिकवलं. माहेर पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वाडीत. निवृत्त झाल्यापासून या दोन तालुक्यांतली जुनी पत्रं, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं एकत्र करते आहे, वयस्कर माणसांशी बोलून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवते आहे. लोक म्हणतात, बाईंनी केवढं जमवलं! जमवलेलं थोडंच, बहुतेक सगळं मला कोणी ना कोणी दिलेलं आहे. ज्यांनी दिलं त्यांना आपलं नाव छापून यायला नको होतं, त्यामुळे इथे त्यांची नावं नाहीत. देणं मात्र सांगायला हवं.

फोटोकाकांपासून सुरुवात करते. महाडात त्यांचा स्टुडिओ होता. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचे शाळेच्या दाखल्यावरचे, नोकरीच्या अर्जावरचे आणि लग्नातले फोटो त्यांनीच काढलेले. २००५ च्या पुरात त्यांच्या निगेटिव्हची कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली. त्यानंतर त्यांनी दुकान फार दिवस चालवलं नाही. २०२१ चं पाणी उतरलं तेव्हा माझ्या चुलतबहिणीच्या घरातली ट्रंक चिखलातून बाहेर काढून आम्ही ओसरीवर ठेवली होती. वीज नव्हती, रस्त्यात घोटाभर गाळ. काका काठी टेकत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. ट्रंकेत काय आहे ते बघितलं आणि म्हणाले, "एकही फोटो ओढू नका. आणि वाळवायची घाई तर मुळीच करू नका."

आम्हा सगळ्यांचा हात नेमका त्यासाठीच पुढे झाला होता. फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या लाद्या झाल्या होत्या. काकांनी समजावलं. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पाण्याने तो मऊ होतो. तसाच दाबून वाळला तर दोन फोटोंची चित्रं एकमेकांना कायमची डकतात, मग ओढलं की कागद राहतो आणि चेहरा जातो. त्याआधी ते पुन्हा स्वच्छ, थंड पाण्यात सोडायचे, म्हणजे आपले आपण सुटतात. पण स्वच्छ पाणी आणायचं कुठून? मदतीच्या गाडीतून आलेल्या बाटल्या पिण्यापुरत्याच होत्या. काकांनी वर बघितलं. पाऊस चालूच होता. कौलांवरचा चिखल केव्हाच धुऊन गेला होता, त्यांनी बहिणीच्या सासूला सांगून पागोळीखाली दोन पराती लावल्या. त्या पाण्यात लाद्या सोडल्या, मधूनमधून पाणी बदललं. बोट न लावता, नुसती परात हलवून त्यांनी एकेक फोटो सोडवला आणि पालथ्या टोपलीवर जुनं सुती लुगडं पसरून त्यावर चित्राची बाजू वर करून ठेवला. रंगीत फोटोंचे रंग उतरले होते, बरेचसे गेलेच. कृष्णधवल फोटो जवळजवळ सगळे वाचले. जो एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता, तो त्यांनी काढलाच नाही. "काचेसकट राहू दे. काचेतूनच त्याचा फोटो काढून घे," म्हणाले.

पत्रांचं काय करायचं तेही त्यांनाच ठाऊक होतं. पत्रांच्या घड्या ओल्या असताना उलगडायच्या नाहीत, मध्ये टिपकागद घालायचा, वाऱ्यावर, सावलीत. दौतीच्या शाईने लिहिलेलं धुऊन गेलं होतं. बॉलपेनचं राहिलं होतं. साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं तर जसंच्या तसं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोच्या मागे आणि प्रत्येक लिफाफ्यावर पेन्सिलीनेच लिहिते. कोण, कुठलं, कोणी सांगितलं.

त्या लाद्यांतून एक वरातीचा फोटो निघाला. नवरदेव, करवल्या, सनईवाला, सगळे महामार्गावरच्या सावित्रीच्या जुन्या पुलावर उभे. हा दगडी पूल ब्रिटिशांच्या काळातला, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. जुना पूल कसा होता हे दाखवायला मी फोटो शोधत होते आणि सापडत नव्हता, कारण रोजच्या पुलाचा फोटो कोण कशाला काढेल? तो सापडला वरातीच्या पाठीमागे, कठडा आणि कमानीच्या वळणासकट. फोटोतल्या माणसांइतकंच त्यांच्या मागचं बघायला काकांनी शिकवलं. दुकानाची पाटी, विहिरीचा रहाट, बायकांच्या लुगड्याची नेसण, अंगणातली भाताची मळणी. काका गेले. त्या दोन परातींबद्दल मी त्यांना कधी काही देऊ शकले नाही.

आता गुरुजींविषयी, आणि इथे जरा थांबायला हवं.

आमच्या वाडीचं पोस्ट शाळेतच होतं. गुरुजी शाळा चालवत आणि पोस्टही. पोलादपूरहून टपालाची थैली डोंगर चढून पायी यायची. गावातले तरणे पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. गावकीच्या खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याला घरी मनीऑर्डर करायचे. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कूपन असायचं, निरोपापुरती चार ओळींची जागा. पैसे दिल्यावर ते कूपन फाडून घेणाऱ्याच्या हाती द्यायचं. माझी आजी निरक्षर. आजोबांच्या त्या कूपनांतलं एकही तिने टाकलं नाही. बांबूच्या नळकांड्यात घालून चुलीवरच्या शिंक्यात टांगून ठेवली होती. वर्षानुवर्षं धूर लागून कागद तपकिरी झाला, पण कसरीने त्याला तोंड लावलं नाही. ट्रंका असलेल्या घरांचे कागद गेले आणि आजीचं नळकांडं राहिलं.

कूपनावरचा मजकूर आजीला उद्देशून नसायचाच. त्या काळी बायकोला कोणी थेट लिहीत नसे. मायना थोरल्यांना: ‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार’. मग पैसे पोचल्याचं कळवा, बैलाला पेंड घाला, घर शाकारून घ्या. आणि अगदी शेवटी, जागा संपता संपता, ‘घरात सांगणे, औषध चुकवू नये’. त्या ‘घरात’ म्हणजे माझी आजी. तिच्या वाट्याला आलेले हे तीन-चार शब्द गुरुजी मोठ्याने वाचत, तेही सासऱ्यांपुढे, आणि ती दाराआडून ऐके.

त्याच नळकांड्यात माझ्या चुलत्यांची कूपनंही आहेत. ती १९८२ च्या सुरुवातीपर्यंत येतात. मग येतच नाहीत. गिरणी संपाची पुस्तकं मी वाचली आहेत. १८ जानेवारीला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे सगळं त्यांत आहे. आमच्या डोंगरात तो संप कसा पोचला ते मात्र या थांबलेल्या कूपनांत आहे.

आजोबांचा निरोप असा राहिला, पण आजीचं उत्तर? तेही गुरुजीच लिहायचे. ती सांगायची, ते लिहायचे. ती पत्रं मुंबईला गेली आणि गावकीच्या खोलीतून केव्हा रद्दीत गेली कोणास ठाऊक. संभाषणातला आजीचा अर्धा भाग फक्त गुरुजींच्या डोक्यात होता. ते तेव्हा नव्वदीच्या घरात, पोलादपुरात मुलाकडे राहत. कान गेले होते, स्मरण लख्ख होतं. मी कूपनं घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी ती ओळखली. एकेकावरून अंगठा फिरवला, स्वतःच्या हातची तारीख वाचली. मी विचारलं, "गुरुजी, आजी काय लिहायला सांगायची?"

"ते तिनं मला सांगितलं, बाळ. तुला सांगायचं असतं तर तुला सांगितलं असतं."

मी गप्प राहिले. ते पुढे म्हणाले, "गाव काय लिहायचं ते विचार. ते सांगतो."

आणि मग ते बोलत राहिले. पाऊस वेळेवर पडला की पत्रं कमी यायची आणि जायची, लावणी लांबली की बायका रोज शाळेच्या पायरीवर. पोस्टकार्ड सगळ्यांच्या हाताखालून जातं म्हणून त्यावर भांडण, कर्ज, आजार लिहायचा नाही, त्याला लिफाफाच हवा आणि लिफाफ्याला पैसे नसले की ते लिहायचं राहूनच जायचं. माणूस गेल्याचं तर कधीच सरळ लिहायचं नाही. ‘प्रकृती फार बिघडली आहे, असाल तसे निघून यावे’, एवढं वाचलं की मुंबईत चाळीतल्या सगळ्यांना कळायचं. मृत्यूच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि वाचून झालं की ते घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. मला त्या क्षणी उमगलं, माझ्याकडच्या शेकडो पत्रांत बारशी आहेत, लग्नं आहेत, म्हशी व्यायल्या आहेत, आणि एकही मरण नाही. कागदांवर भरवसा ठेवून या गावाचा इतिहास लिहिला असता तर इथे कोणी मेलंच नव्हतं असं वाटलं असतं. ती जागा फक्त विचारून भरता येते, आणि कसं विचारायचं तेही गुरुजींनीच सांगितलं. "पत्र आधी त्या घरातल्या जिवंत माणसाला वाचून दाखव. ते म्हणाले, एवढं बाजूला ठेव, तर का म्हणून विचारायचं नाही. बाजूला ठेवायचं."

आजही माझ्या कपाटात एक स्वतंत्र गठ्ठा आहे, लाल कापडात बांधलेला. त्यातली पत्रं त्या त्या घरांच्या सांगण्यावरून मिटलेली आहेत. अभ्यासक मला म्हणतात, यात काय आहे ते तरी बघू द्या. मी देत नाही. गुरुजींनी आजीचा शब्द साठ वर्षं राखला. त्यांना तो राखताना पाहिलेल्या माणसाने वेगळं कसं वागावं?

महाडचं नाव देशभर घेतलं जातं ते २० मार्च १९२७ या दिवसामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं परिषदेतून निघाली आणि चवदार तळ्याचं पाणी प्याली. तो दिवस तरी आपल्यापर्यंत आयता आला का? त्या क्षणाचा फोटो माझ्या पाहण्यात नाही, भिंतींवर असतात ती चित्रकारांनी मागाहून काढलेली चित्रं. किती माणसं होती याचा आकडा पुस्तकापुस्तकांत वेगळा. जे पक्कं कळतं ते कोणीतरी लिहून ठेवलं, जपलं, शोधलं म्हणून. बाबासाहेबांनी अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं आणि महाडात काय घडलं, का घडलं ते स्वतःच्या लेखणीने मांडलं. त्या पाक्षिकाचे अंक काही वर्षांतच दुर्मीळ झाले. भुसावळच्या रत्नाकर गणवीरांनी त्यातले अग्रलेख मिळवून १९७६ मध्ये पुस्तकरूपाने छापले, पुढे १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने मूळ अंक जसेच्या तसे काढले. आज महाडची दहावीतली मुलगी तो मजकूर हातात धरून वाचू शकते ती या लोकांमुळे. चांगदेव खैरमोडे विद्यार्थी होते तेव्हापासून बाबासाहेबांची पत्रं, कागद, भेटलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करत राहिले. त्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. खैरमोडे १९७१ मध्ये गेले, त्यांच्यामागे पत्नी द्वारकाबाईंनी हस्तलिखितं सांभाळली म्हणून पुढचे खंड छापून निघाले. हस्तलिखितं सांभाळणं म्हणजे काय ते आमच्यासारख्या ओलाव्यात राहणाऱ्या माणसाला विचारा.

आणि दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. दासगाव म्हणजे महाडच्या खालच्या अंगाचं खाडीवरचं बंदर, फौजेतल्या पेन्शनरांची वस्ती असलेलं. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने निघून हरिहरेश्वरमार्गे याच दासगावला उतरले आणि तिथून मंडळी चालत महाडात आली. गावात मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. मोरे लहानपणी शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत गेले तेव्हा त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि शाळेला दार उघडावं लागलं, जरी बसायची जागा वेगळीच दिली. महाडला परिषद भरवावी ही कल्पना मुळात मोऱ्यांची. पुढे ते कम्युनिस्ट झाले, आणि आयुष्याच्या अखेरीला लिहायला घेतलेल्या आठवणी त्यांच्या हातून पुऱ्या झाल्या नाहीत. त्यांचे चिरंजीव सत्येंद्र यांनी त्या सांभाळल्या, उरलेलं चरित्र लिहून जोडलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. मी ते पुस्तक प्रथम वाचलं तेव्हा ज्या बाजारातून रोज भाजी आणत होते तो बाजार मला पहिल्यांदा दिसला. एका मुलाने बापाचे अर्धे राहिलेले कागद जपले नसते तर दासगावच्या बाजूने महाड कसं दिसत होतं हे कधीच कळलं नसतं.

तळ्याचा दावाही मला इथे महत्त्वाचा वाटतो. दिवाणी न्यायालयापासून सुरू झालेली ती लढाई १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात संपली. स्पृश्य मंडळींचं म्हणणं असं, की अस्पृश्यांना तळं बंद असणं ही अनादी काळापासूनची रूढी आहे. न्यायालयाने म्हटलं, ती अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ‘पहिल्यापासून असंच चालत आलंय’ हे वाक्य मुलाखतींत मला फार वेळा ऐकायला मिळतं. ते ऐकलं की मी त्या निकालाची आठवण ठेवते आणि शांतपणे विचारते, "पहिल्यापासून म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत, की कोणी सांगितलेलं?"

बायकांना जाऊन विचारावं हे धैर्य मला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी दिलं. त्यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ चं. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्या ओट्यावर बसून घेतलेल्या त्या मुलाखती. महाडातच बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं होतं. पण त्या बायका स्वतः काय म्हणतात हे विचारायला साठ वर्षं कोणी गेलं नव्हतं. या दोघी गेल्या. दहा वर्षं उशीर झाला असता तर विचारायला कोण उरलं असतं?

या पुस्तकांनी दाखवलेल्या वाटेने मी ज्यांच्याकडे गेले, त्यांत आमच्याच गावच्या बौद्धवाडीतले एक पेन्शनर होते. मी त्यांना लहानपणापासून दादा म्हणायची. त्यांचे वडील १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यानंतरच्या भरतीत गेलेले, ते स्वतःही फौजेत. महाडजवळचं फौजी आंबवडे सगळ्यांना माहीत आहे, पण या दोन्ही तालुक्यांत अशा लहान वाड्या पुष्कळ आहेत. दादांनी वडिलांचं डिस्चार्ज बुक काढलं. मेणकापडात गुंडाळलेलं. नाव, गाव, उंची, छाती, डाव्या भुवईवर जखमेची खूण. म्हणाले, "आमच्या घरात कागद म्हणजे हाच. बाकी सातबारा बघाल तर कोरा." त्या पुस्तकात जपून ठेवलेला एक फोटो होता, गणवेशातला, कुठल्याशा छावणीतल्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला बागेचा पडदा.

मग त्यांनी झऱ्याचं सांगितलं. आमच्या वाडीचा झरा. माझ्या आजीच्या तोंडून मी त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पहाटेच्या, गाण्यांच्या, हंड्यांवर हंडे घेऊन येणाऱ्या सासुरवाशिणींच्या. दादांच्या आईला त्याच झऱ्यापासून वीस पावलं खाली उभं राहावं लागे, वरून कोणी ओतेल तेव्हा घागर भरायची, ओतणारी आली नाही तर ऊन चढेपर्यंत थांबायचं. "तुमची आजी ओतायची," ते म्हणाले. "वरून धरायची. शिवायची नाही, पण थांबवूनही ठेवायची नाही." रेकॉर्डिंग चालू होतं. त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "यातलं कापायचं नाही. तुमचं घर आहे म्हणून नाही आणि माझं घर आहे म्हणूनही नाही."

ते मी कापलेलं नाही. आजीची झऱ्याची आठवण आणि दादांची झऱ्याची आठवण एकाच फाइलीत, एकामागोमाग ठेवली आहे. पुढे कोणी ऐकेल त्याला दोन्ही एकदमच मिळतील. ज्या घराच्या नातीला सांगायचं ते नेमकं तिलाच, तिच्या तोंडावर, न चिडता आणि काहीही न वगळता सांगणं, हे त्यांनी माझ्यासाठी केलं. त्याची परतफेड करण्याची माझी ऐपत नाही.

तारखा कोणालाच आठवत नाहीत, आणि विचारल्या तर माणूस गोंधळतो. पोलादपूरकडच्या एका काकींनी मला ती अडचण पहिल्याच भेटीत सोडवून दिली. "बाय, सालं मला नाय ठावं. भूकंप झाला तवा थोरला पोटात होता, एवढं लिही." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. थोरला त्यानंतरच्या शिमग्याला झाला. तिथून मागेपुढे मोजलं की त्यांच्या लग्नाचं, दिराच्या मुंबईला जाण्याचं, गावात पहिली एसटी आली त्याचं साल बसतं. असेच आणखी खुंटे आहेत. रामदास बोट बुडाली ते १७ जुलै १९४७. महाडात नाना पुरोहितांच्या पुढाकाराने मोर्चा निघाला आणि माणसं हुतात्मा झाली तो १० सप्टेंबर १९४२. त्याहून मागे मानमोडीची साथ, १९१८ ची. काकी बोलत होत्या तेव्हा त्यांचा नातू बाजूला मोबाइल बघत बसला होता. आजी डोक्यावर भाताचं ओझं घेऊन पोलादपूरपर्यंत चालत जायची हे ऐकून त्याने मोबाइल खाली ठेवला. पुढचे सगळे प्रश्न त्यानेच विचारले, आणि माझ्यापेक्षा चांगले विचारले. ते रेकॉर्डिंग माझ्याकडच्या सगळ्यांत उत्तम रेकॉर्डिंगांपैकी एक आहे.

२२ जुलै २०२१ ला महाड बाजारात पाणी चढत होतं त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला, पोलादपूरकडेही दरडी कोसळल्या. घरं गेली तिथे भिंतींवरचे फोटोही गेले. तेव्हापासून मी एक केलं आहे. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी परत, मी ठेवते ती नक्कल. प्रत्येक गोष्टीची एक नक्कल महाडात वरच्या मजल्यावर, एक पुण्याला भाचीकडे, एक त्या घरातल्या सगळ्यांत धाकट्या माणसाच्या फोनमध्ये. कागद मोडीतला असेल तर वाचून देणारे एक सद्गृहस्थ माणगावला आहेत. ते पैसे घेत नाहीत, फक्त वाचून झालं की तो कागद कोणाच्या घरचा हे विचारून आपल्या वहीत टिपून ठेवतात.

कुडपणच्या बाजूला एक आजी आहेत, नव्वदी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे नवऱ्याची गिरणीतल्या काळातली पत्रं आहेत, गोधडीच्या आत शिवून ठेवलेली, असं त्यांच्या नातसुनेने सांगितलं. परवा नातवाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, लावणी उरकली की या, निवांत बोलता येईल." मी म्हटलं, मृगाच्या आधीच येते. तोवर तू एवढंच कर, आजीला विचारून ठेव, पत्रं मी वाचलेली त्यांना चालतील का.